सरकत्या भिंतींची अक्का

अक्का कुणाच्याही घरी गेली की आधी भिंत वाजवायची. पाण्याचा तांब्या पुढं येण्याआधीच बोटांच्या पेरांनी टकटक करून विचारायची, "ही सरकती का?" अफजलपूरला आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आली तेव्हाही तेच. आई म्हणाली, "अवो बाई, पलीकडं देव हायत." त्यावर अक्का म्हणते, "मग देवांनी पसरायचं कुठं?" ही बाई नक्की शिकलेली आहे ना, असं आई मला नंतर कितीतरी दिवस विचारत होती.

शिकलेली होती, चांगली हैदराबादेत आर्किटेक्ट म्हणून नाव काढलेली. मूळची राजेश्वर गावची. लग्न केलं नाही. पन्नाशी उलटल्यावर तिकडचं सगळं आवरून कलबुर्गीला आली आणि एका व्यापाऱ्याच्या मोकळ्या प्लॉटवर आमच्यासारख्या स्टार्टअपवाल्यांसाठी इमारत उभी केली. कंपनी जरा वाढली की आपली पोरं बेंगळुरूची गाडी धरतात, ती का धरावी, एवढाच तिचा हट्ट. जिना, संडास, नळ असं सगळं एका कडेला पक्कं बांधलं. बाकी मजला मोकळा, आणि त्यात वरच्या रुळाला टांगलेल्या भिंती. दोघींनी ढकलली की भिंत सरकायची. "कपडा शिवताना आत माया ठिवतेत का न्हाई, लेकरू वाढायलंय म्हणून? तसंच हे," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

माझी कंपनी म्हणजे तेव्हा आम्ही तिघी आणि एक कुरकुरणारा पंखा. कुणाच्या उसाला तोड कधी येणार, हे शेतकऱ्याला मोबाईलवर कळवायचं आमचं काम. पुढं आणखी चौघी आल्या आणि मी गडबडले. एवढी जागा घ्यायची आणि उद्या काम बंद पडलं तर? अक्का म्हणाली, "कामून घाबरायलीस? भिंत हाय ती. माघारी बी येती." पदर खोचला आणि स्वतःच ढकलायला लागली. त्या दिवशी सगळ्या मजल्याला तिनं चहा पाजला. आमच्या घरातसुद्धा माझं एवढं कौतुक कुणाला झालं नव्हतं.

गच्चीवर तिनं दुसऱ्या मजल्यासाठी खांबांच्या सळया वर सोडून ठेवल्या होत्या. आपल्याकडं कुठल्या घरावर त्या नसतात? पण लोक सोडतात आणि विसरतात. अक्का दर उन्हाळ्यात बादलीत सिमेंट कालवून ब्रशानं एकेका सळईला लावायची, गंज चढू नये म्हणून. एकदा मीही तिच्याबरोबर वर गेले होते. हात चालूच ठेवून म्हणाली, "आमच्या अप्पांनी बी सोडल्या होत्या राजेश्वरच्या घरावर. दोघा भावांसाठी. भाऊ गेले पुण्याला. आता हात लावला की पापुद्रे निघतेत." मी बादली धरून उभी राहिले.

आणि मग एकेक कंपनी जायला लागली. आधी सगळ्यात मोठी गेली बेंगळुरूला, तिच्या मागून दुसरी हैदराबादला. अक्कानं कुणाला अडवलं नाही, उलट त्यांचे कॉम्प्युटर उतरवायला जिन्यापर्यंत गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही येऊन बघतो तर राहिलेल्यांच्या बाजूला भिंत आत सरकलेली. "रिकामी जागा माणसाच्या पाठीला लागू द्यावं न्हाई," एवढंच म्हणायची. वाढण्यासाठी केलेल्या भिंती ती अशी आत आत आणत राहिली. शेवटी तो एवढा मोठा मजला आमच्या कोपऱ्यापुरता उरला. भिंतींपलीकडच्या अंधारात जायला, खरं सांगते, मला भीती वाटायची.

त्याच सुमारास अक्कानं आपलं टेबल घरून उचलून आमच्या शेजारी आणलं. मध्ये एकच भिंत, आणि ती नेहमी वीतभर उघडी. रूळ अडकला असेल म्हणून मी एकदोनदा लावून घेतली. तिसऱ्यांदा लावायला गेले तर पलीकडून आवाज आला, "राहू दे गं. तुमचं बोलणं ऐकू यायलंय, तवर बरं वाटायलंय." इतकी एकटी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि ते तिनं सांगितलं एवढं एकदाच.

गेल्या दिवाळीत ती राजेश्वरला गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. भाऊ पुण्याहून आले, सगळं रीतसर केलं आणि घराला कुलूप लावून गेले.

या उन्हाळ्यात सळयांना सिमेंट मी लावलं. आता खजुरीकडच्या तीन मुली आमच्याकडं कामाला लागल्या आहेत. जागा पुरत नाही, तिघी एका टेबलाशी दाटीनं बसतात. पलीकडं अक्काची खोली रिकामी आहे. वॉचमन दोनदा विचारून गेला, "म्याडम, भिंत सरकवू का तिकडं?" सरकवायलाच हवी. अक्का असती तर एव्हाना पदर खोचून उभी राहिली असती आणि माझ्यावर खेकसली असती. मला सगळं कळतं. पण भिंतीला हात लावायला गेले की हात उचलत नाही. वीतभर उघडी होती तेवढीच ती अजून आहे, आणि आम्ही सगळ्या जरा मोठ्यानंच बोलतो.