कोणत्या कंपनीची माती?

शिशुवर्गाच्या बाईकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एकेका पायाचे मोजे आणि किस्से. मोजे दर एप्रिलमध्ये आमच्या सुमन मावशी पिशवीत भरून नेतात आणि त्यांची फडकी करतात. किश्श्यांचं तसं काही करता येत नाही. चार मैत्रिणी जमल्या, चहा आला, की एक निघतो आणि त्याच्या मागोमाग दुसरा. बोरगाव मेघेच्या या शाळेत मला सव्वीस वर्षं झाली. म्हणजे साठा केवढा असेल, तुम्हीच बघा!

पूर्वी हे किस्से सांगताना सगळ्यात आधी मीच हसायची. यंदा मात्र मध्येच थांबायला होतं. माती, पानं, किडे, वास, असल्याच गोष्टींचे किस्से आहेत हे. आणि जवळपास प्रत्येकात एक बाई "हात लावू नको!" म्हणून ओरडत असते. ती बाई मीच.

*

जूनमध्ये आम्हा सगळ्या टीचर्सना नागपूरला एका दिवसाच्या ट्रेनिंगला पाठवलं. तिथल्या बाई फार छान बोलल्या. मूल आधी हातानं शिकतं, नाकानं शिकतं, मग डोक्यानं. मातीत, पाण्यात, पाल्यापाचोळ्यात खेळलेल्या बोटांनाच पुढे पेन्सिल धरता येते. आम्ही माना डोलावल्या, जेवण छान होतं, परत आलो. पंधरा दिवसांत शाळेनं 'सेन्सरी किट' मागवलं.

खोकं सुमन मावशींनी फोडलं. मावशी शाळेत माझ्याहून जुन्या, माहेर नाचणगावचं. आतून प्लास्टिकचं गवत निघालं, रबराची झाडाची साल निघाली आणि जाळीच्या पिशवीत बारा गुळगुळीत दगड निघाले. मावशी दगडांकडे बघतच राहिल्या.

"मॅडम, गोटे इकत घेतले? मले सांगतलं असतं तं नाल्यातून पोतंभर आनले असते!"

किट अजून नवंकोरं आहे. पोरांच्या हातांनी खराब होऊ नये म्हणून प्रिन्सिपल मॅडमनी ते कपाटात कुलूप लावून ठेवलंय.

*

किट कुलपात, तर मी म्हटलं आपणच काहीतरी करू. 'वासाचा तास' सुरू केला. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, नाकाशी वाटी धरायची आणि ओळखायचं.

लिंबू धरलं. पोरं एका सुरात ओरडली, "भांड्याचा साबण!"

गुलाबाच्या पाकळ्या धरल्या. "अगरबत्ती!"

आमच्या पल्लवी मॅडम नव्या, साताऱ्याकडच्या. त्यांनी हौसेनं कोथिंबीर आणली होती. एक पोरगा वास घेऊन म्हणाला, "सांबार." पल्लवी मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "नाही रे बाळा, सांबार इडलीसोबत असतं." पोरानं रुमाल वर करून त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनाच परत नर्सरीत बसवायला हवं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं!

शेवटी मी खास वाटी काढली. मागच्या अंगणातली माती, वर थोडं पाणी शिंपडलेलं. मला वाटलं, हे तरी नक्की ओळखतील. एकेक नाक येऊन गेलं. मग एकीनं आनंदानं टाळी वाजवली.

"मॅडम, कूलर!"

आम्ही पोट धरून हसलो. घरी गेल्यावर आठवलं, की या अंगणात पोरांनी जाऊ नये म्हणून दाराला कडी लावायची मागणी मीच केली होती. त्याला आता आठ वर्षं झाली.

*

त्या तासाला एक नाक वाटीजवळ आलंच नाही. रेवाचं.

रेवा चार वर्षांची. मुठी कायम मिटलेल्या. क्रेयॉन धरायची नाही, कणकेचा गोळा नको, ओलं काही लागलं की अंग आखडायचं. वाळूवर उभी केली तर चवड्यांवर उभी राहायची. डॉक्टरांनी सांगितलं, पोरीला मातीत खेळू द्या, रोज, जबरदस्ती न करता. पुढच्या वर्गात लिहायला बसायच्या आत तिच्या मुठी उघडायला हव्या होत्या. आम्हाला सगळ्यांना तोच एक ध्यास लागला होता.

रेवाचे बाबा सरकारी ऑफिसात. अतिशय सज्जन आणि अतिशय नीटनेटका माणूस. प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स घेऊन मला भेटायला आले.

"मॅडम, डॉक्टर माती म्हणाले, पण कोणत्या कंपनीची ते लिहून नाही दिलं!"

यांच्या घरासमोर दोन रिकामे प्लॉट आहेत. आपली काळी माती, पावसाळ्यात चपलेला अशी चिकटते की माणूस दोन इंच उंच होतो. मी त्या प्लॉटकडे बोट दाखवायला हवं होतं. पण मला भीती वाटली, की उद्या पोरीला काही झालं तर माझ्यावर येईल. मी म्हटलं, "ऑनलाइन बघा, चांगली मिळते."

आठ दिवसांत गुलाबी वाळूचा डबा आला. रेवानं त्यात चमचा घातला. चमचा बाबांच्या हातात होता आणि रेवाचा हात बाबांच्या मनगटावर.

*

रेवाची आई प्राजक्ता. ती माझ्याच हाताखाली शिकलेली, माझ्या दुसऱ्या बॅचची.

आता तिच्याकडे पाहून कोणाला खरं वाटणार नाही, पण ही प्राजक्ता म्हणजे चालतीबोलती शेतजमीन होती! फ्रॉकच्या खिशात चिंचोके, गोगलगायीचे शंख, एकदा तर सरड्याची शेपटी. सकाळी वेणी घालून यायची आणि दहा वाजेपर्यंत केसांत गवत. मातीचे लाडू वळून बाकावर ओळीनं मांडायची आणि मला म्हणायची, "मॅडम, घ्या, शिरा हाये." अक्षर मात्र वर्गात सगळ्यात सुरेख. तेव्हा या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

एक दिवस ती काड्यापेटी घेऊन आली. उघडली, तर आत मिरगाचे किडे, लालभडक. तिनं पेटी माझ्या नाकासमोर धरली.

"मॅडम, हात लावून पाहा नं! मखमल हाये!"

मी अशी किंचाळले, की ऑफिसापर्यंत ऐकू गेलं. पेटी हिसकावून खिडकीबाहेर भिरकावली. स्टाफरूममध्ये हा किस्सा मी किंचाळण्याच्या अभिनयासकट कित्येकदा सांगितलाय आणि दर वेळी हशा घेतलाय.

पोरगी रडली नव्हती. नुसती खिडकीकडे बघत होती. मिरगाचा किडा बोटाला कसा लागतो, हे मला अजूनही माहीत नाही.

*

डिसेंबरात शाळेनं 'मड डे' जाहीर केला. दुसऱ्या दिवशी डायऱ्यांमधून चिठ्ठ्या आल्या. "माझ्या मुलाला माती कमी द्यावी." "आमच्याकडे सर्दी आहे, कोरडी माती द्यावी." एका पोरासोबत रेनकोट आणि हातमोजे आले. आणि मेन रोडवर ज्यांचं किराण्याचं मोठं दुकान आहे, त्यांच्या आजीबाईंनी तर नातवासाठी घरूनच डबा भरून माती पाठवली. चाळलेली, उन्हात वाळवलेली आणि कढईत भाजलेली!

मावशींनी डबा हुंगला. "फोडनीच राह्यली वो मॅडम!"

कार्यक्रम स्टेजवर झाला. ट्रेमध्ये चिखल, मागे बॅनर, समोर फोटोग्राफर. पोरं ट्रेजवळ चार मिनिटं होती आणि नळाजवळ चाळीस.

इथंच मी थांबते, कारण पुढचं मी कधी कोणाला सांगितलं नाही. फोटोत रेवा कोरडीच दिसत होती. प्रिन्सिपल मॅडमनी खूण केली. मी रेवाचं मनगट धरलं, तिची मूठ उघडली आणि हात चिखलात दाबला. फोटो निघाला. छान आला.

रेवा ओरडली नाही. सुट्टी होईपर्यंत तिनं तो हात अंगापासून लांब धरून ठेवला, धुतल्यावरसुद्धा. डबाही खाल्ला नाही. डॉक्टरांनी जबरदस्ती करू नका म्हणून सांगितलं होतं, आणि मला ते माहीत होतं. ती चूक माझी आहे, शाळेची नाही, फोटोग्राफरची नाही.

*

मार्चमध्ये हिंगणीला सहल नेली, सकाळी सकाळी. एका ओळखीच्यांच्या शेतात मोहाचं जुनं झाड आहे आणि खाली फुलांचा सडा पडला होता. बस थांबली, पोरं उतरली आणि डांबरी रस्त्यावर रांग करून उभी राहिली. कोणी शेतात पाय टाकेना. एकानं विचारलं, "मॅडम, ह्याचं तिकीट काढलं का?"

हळूहळू एकेक आत शिरलं. धिंगाणा सुरू झाला. सुमन मावशी मात्र झाडाखाली फतकल मारून बसल्या आणि कोणाशी न बोलता फुलं पदरात वेचू लागल्या. रेवा त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. दहा मिनिटं गेली. मग ती वाकली आणि हात न लावता तिनं नाक जमिनीजवळ नेलं.

"मावशी, इथं बिस्कीट सांडलं."

"सांडलं असंन," मावशी म्हणाल्या आणि वेचत राहिल्या.

रेवाची एक मूठ उघडली. दोन बोटांनी तिनं एक फूल उचललं. टपटपीत, रसानं भरलेलं, चिकट फूल. ते मावशींच्या पदरात टाकलं. मग दुसरं. मी वीस पावलांवर उभी होते आणि माझे डोळे भरून आले होते. तिसरं फूल तिच्या बोटांत फुटलं, रस मनगटापर्यंत ओघळला आणि ती तो बघत राहिली. तेवढ्यात कोणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं.

"रेवा! चल, हात धू आधी!"

मीच! सव्वीस वर्षांची सवय. त्या सवयीनं मला विचारलंसुद्धा नाही.

मूठ मिटली. परत येताना बसमध्ये मावशी माझ्याशेजारी बसल्या. हिंगणी मागे पडेपर्यंत पदरातली फुलं निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमी काऊन बोलल्या वो? पोरगी खेळून राह्यली होती नं."

*

त्या शनिवारी मी प्राजक्ताच्या घरी गेले. सगळं सांगायचं ठरवलं होतं. चिखलाचं, मोहाच्या फुलांचं, काड्यापेटीचंसुद्धा. मनात वाक्यं जुळवत होते. बाई, तुझ्या पोरीला त्या समोरच्या प्लॉटमध्ये सोड, आणि तूही जा तिच्यासोबत.

प्राजक्ताला कोण आनंद झाला! शाळेत ती माझ्याशी अगदी शुद्ध बोलते, घरी मात्र वऱ्हाडीत सुरू झाली. "बसा नं मॅडम, चहा ठेवतो. पहिले हे पाहा, तुमाले गंमत दाखवतो." आणि हाताला धरून मला बेसिनपाशी घेऊन गेली.

बेसिनच्या वर, आरशाच्या शेजारी, लॅमिनेट केलेला एक पिवळा पडलेला कागद लावलेला होता. कडेनं स्केचपेनची वेलबुट्टी. 'स्वच्छ हात स्पर्धा. प्रथम क्रमांक, कु. प्राजक्ता.' खाली माझी सही. ही स्पर्धा मी अजूनही दर वर्षी घेते.

"पहिलं बक्षीस होतं माह्यं. आईनं जपून ठेवलं होतं, रेवा झाली तवा मले देल्लं. रोज दाखवतो इले. मॅडम, यंदा इचा नंबर पक्का समजू नं?"

रेवा बेसिनपाशी येऊन उभी राहिली. मुठी उघडल्या आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. आधी पालथे, मग उताणे.