तीन उपरणी आणि रिकामा हंडा

कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. एकपक्षीय, द्विपक्षीय, बहुपक्षीय अशा पक्षपद्धती मुलांना समजावताना मला पुस्तक उघडावं लागत नाही. पंचवटीतलं आमचं घर पुरतं.

लग्न होऊन आले तेव्हा घरात एकपक्षीय पद्धत होती. सासरे ज्या पक्षात, त्यातच सगळे. मग तो पक्ष हरला आणि गल्लीतल्या नळाची धार बारीक झाली. सासरे शहाणे झाले. पुढच्या निवडणुकीआधी त्यांनी माझ्या नवऱ्याला दुसऱ्या पक्षात धाडलं आणि दिराला तिसऱ्या. "कुणीही येवो, आपला माणूस आत पाहिजे," म्हणाले. हुशार घरांत मुलांची वाटणी हल्ली अशीच होते. आमच्या दोरीवर तीन रंगांची उपरणी वाळायला लागली. ती धुण्याचं काम मात्र पक्षनिरपेक्ष होतं, म्हणजे सासूबाईंकडे आणि माझ्याकडे.

धुवायचं पाणी खालच्या नळावरून आणायचं. सासूबाईंचे गुडघे कधीचेच गेलेले, तरी हंडा घेऊन दोन जिने चढायच्या. वर पाणी चढावं, एवढंच त्यांचं मागणं. तिन्ही पक्षांनी तसा शब्द दिला होता, तोही आमच्याच घरात बसून, आमचाच चहा पिऊन.

निकालात कुणालाच बहुमत मिळालं नाही, तेव्हा शहराच्या हितासाठी तिन्ही पक्ष एकत्र सत्तेत बसले. घरात पेढे आले. पाण्याचं विचारलं की नवरा दिराच्या पक्षाकडे बोट दाखवायचा, दीर सासऱ्यांच्या, आणि सासरे म्हणायचे, "युती आहे, सांभाळून घ्यावं लागतं." प्रत्येक पक्षात माणूस पेरताना विरोधात कुणाला तरी ठेवायचं राहूनच गेलं होतं.

एका सकाळी सासूबाई हंड्यासकट जिन्यात पडल्या. मनगटाला प्लास्टर बसलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हातात रिकामा हंडा घेऊन त्या नगरसेवकाच्या कार्यालयाच्या पायरीवर जाऊन बसल्या. आमचे तिघे सत्ताधारी धावत पोचले, उपरणी घालूनच. त्यांच्या मागे मी.

"अगं, आपलंच राज्य आहे," सासरे म्हणाले. "असं बसतात का?"

"तुमच्यात विरोधातला कोण आहे?" सासूबाईंनी विचारलं.

तिघांचे हात आपापल्या उपरण्याकडे गेले.

"मग मला बसू द्या."

मला त्या तिघांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. घरी जाऊन मी दुसरा हंडा आणला आणि सासूबाईंच्या शेजारी टेकले. त्यांनी प्लास्टरचा हात सावरत मला जागा करून दिली.

"नीट मांडी घालून बस," म्हणाल्या. "वेळ लागणार आहे."