पायाला बांधलेली ओढणी

तुमच्या गावचा बाजार पडद्यावर दिसला, तर तुम्ही काय कराल? टाळ्या वाजवाल की मोबाइल काढाल?

शहापूर तालुक्यातल्या आमच्या बुद्धविहारात लोकांनी दोन्ही केलं. बेघर अनाथ मुलांवरचा माहितीपट होता. वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांवर मी लहानपणी अक्षरं गिरवली, म्हणून या कार्यक्रमाचं पत्रकही मीच लिहिलं होतं. माहितीपटातली बहीण आणि तिचा धाकटा भाऊ माझ्या शेजारीच बसले होते. आईबाप गेल्यावर एका माणसाने त्यांना वीटभट्टीवर राबायला नेलं होतं. तिथून पळून ती दोघं मुरबाडकडच्या एका बाजारगावात भाजीच्या शेडखाली राहत होती.

पडद्यावर बहिणीने गोणपाट अंथरलं. ओढणीचं एक टोक भावाच्या पायाला बांधलं, दुसरं स्वतःच्या. त्याला कुणी उचललं तर आपल्याला जाग यावी म्हणून. बायका डोळे पुसू लागल्या. मुलांचे चेहरे धूसर केले होते. पण कॅमेरा मागे सरकला आणि शेडमागची पाण्याची टाकी लख्ख दिसली.

"आयला, हा तर माझ्या मामाच्या गावचा बाजार!" मागून एक पोरगा ओरडला.

"नाय रे, काय पण फेकतोस!"

"टाकी बघ ना! मामाचं दुकान हाय तिथं. थांब, त्यालाच पाठवतो."

हशा पिकला. त्याने गावाचं नावही मोठ्याने घेतलं. मी ते इथे लिहिणार नाही. भराभर मोबाइल वर झाले.

भाऊ स्वतःला पडद्यावर बघून खिदळत होता. बहिणीने त्याचं मनगट धरलं.

"ताई, त्या भट्टीवाल्याकडं पण मोबाइल हाय," ती मला म्हणाली.

मी उठून प्रोजेक्टरची वायर ओढली.

"काय गो, ऐन रंगात आलं नि बंद केलंस?" एक काकू चिडल्या.

ही क्लिप भट्टीवाल्यापर्यंत गेली तर तो मुलांना शोधत येईल, हे मी सगळ्यांना सांगितलं. काकूंनी तिथेच सगळ्यांना मोबाइल उघडून क्लिप पुसायला लावली. पण तोवर ती बाहेर गेली होती. चेहरे झाकणाऱ्यांना जागा झाकायचं सुचलं नाही, आणि रडणाऱ्यांना आपण काय पाठवतोय हे कळलं नाही. असल्या रडण्याचं त्या मुलांनी काय करायचं?

बालकल्याण समितीने मुलांना त्या शेडमधून दुसरीकडे हलवलं आहे. परवा शेडपाशी एक जीप थांबली, दोन भावंडांची चौकशी करून गेली, असं तिथल्या भाजीवाल्या मावशींनी कळवलं. बहिणीला मी हे सांगितलेलं नाही. तरी ती आता दिवसाही ओढणी सोडत नाही. भाऊ खेळायला निघाला की गाठ ताणली जाते, आणि तो रडतो.

ती क्लिप तुमच्यापर्यंत आली असेल तर आत्ताच पुसून टाका. ज्यांनी पाठवली त्यांना फोन करून पुसायला लावा. आणि कुणी या भावंडांचा पत्ता विचारत आला, तर त्याला काही सांगू नका. आधी पोलिसांना कळवा.