पुरावा न मागणारी शाळा

"गरीब कोण, ते मी ठरवू? कसं ठरवू? पोरांच्या कपाळावर शिक्के मारू?"

सिस्टर अपोलिना ओरडत होत्या आणि इथे परदेशात, स्कारबरोतल्या आमच्या चर्चच्या बेसमेंटमधले पाइप थरथरत होते. मी नागपूरचा, आमच्याकडे अतिशयोक्तीला साधं बोलणं म्हणतात; तरी शपथेवर सांगतो, त्या आवाजानं छपरावरचा बर्फ घसरून खाली आला आणि आठवडाभर कुणाला छपरावर फावडं मारावं लागलं नाही. समोर चर्च कमिटीचे चेअरमन लोबोसाहेब. मूळचे वांद्र्याचे, सज्जन माणूस. त्यांचं म्हणणं एवढंच, की जागा कमी, पोरं फार. तेव्हा सिस्टरांची शनिवारची फुकट शाळा फक्त गरजूंसाठी ठेवावी आणि पालकांनी उत्पन्नाचा पुरावा आणावा. म्हणणं अगदी व्यवहारी होतं... म्हणूनच सिस्टर पेटल्या होत्या.

ती आमची शेवटची भेट. पुढच्याच आठवड्यात सिस्टर झोपेत गेल्या. भांडण अर्धवट टाकून जाणं त्यांच्या स्वभावात बसत नाही, त्यामुळे त्या गेल्या यावर माझा अजून पुरता विश्वास नाही.

सिस्टर वसईच्या. प्रार्थना मराठीत, रागावणंही मराठीत. समोर चिनी पालक असला तरी. गरीब पोरांसाठी फुकट शाळा काढणाऱ्या एका संतावर त्यांचा भारी जीव. त्याची गोष्ट अशी सांगायच्या, जणू तो त्यांच्याच आळीत राहायचा. "फी घेणाऱ्या मास्तरांनी त्याला कोर्टात खेचलं रे! गुन्हा काय, तर गरीब नसलेल्या पोरांनाही फुकट शिकवतो!"

"मग जिंकला का?" मी विचारलं.

"छे, हरला!" सिस्टर खुशीत म्हणाल्या. "पण शिकवायचा थांबला नाही."

माझ्या मुलीला घेऊन मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा सॉफ्टवेअरवाल्याच्या ऐटीत म्हणालो, "सिस्टर, आमची परिस्थिती चांगली आहे हं. मी फी देणार."

"पोरीला अपूर्णांक येतात?"

"नाही."

"मग कसली चांगली परिस्थिती? बसव तिला."

बसवली. एका बाजूला दातांच्या डॉक्टरचा मुलगा, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये भाड्यानं राहणाऱ्या बाईचा. आणि मधल्या सुट्टीत सिस्टरांचा तो प्रताप! एक परात यायची. माझ्या अंदाजानं तीत एखादं म्हसरू डुंबलं असतं. सगळ्यांचे डबे सिस्टर स्वतः तीत उपडे करायच्या. पोहे, पराठे, नूडल्स, सँडविचचे तुकडे, कुणाचं लोणचं. सगळं दोन्ही हातांनी कालवायच्या. आम्ही त्याला काला म्हणायचो. एका जोगिणीनं चर्चमध्ये गोपाळकाला करावा, हे माझ्या आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "तू पुन्हा थापा मारायला लागलास." पोरं ओरडायची, "सिस्टर, धिस इज सो ग्रोस! शी!" आणि ओंजळ पुढे करायची. मला वाटायचं, म्हातारीची हौस. सिस्टर गेल्यावर शैलानं सांगितलं. शैला म्हणजे तीच बेसमेंटवाली, वॉन गावच्या वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करते. महिनाअखेरीला तिच्या मुलाचा डबा रिकामाच यायचा. सिस्टर तोही इतरांसारखाच परातीवर उपडा करायच्या, चांगला ठोकून, झटकून. कुणाला कधी कळलं नाही. शेजारी बसणाऱ्या माझ्या मुलीलाही नाही.

तर लोबोसाहेबांना पुरावा हवा होता तो याचा.

अंत्यविधीनंतरच्या शनिवारी आम्ही सगळे नेहमीप्रमाणे चर्चच्या मागच्या दाराशी जमलो. शिकवायला आम्हीच पालक, पाळीपाळीनं. ते ठरलंच होतं. दाराला कुलूप. थंडी अशी, की तोंडातून निघालेला शब्द गोठून पायाशी पडत होता. लोबोसाहेब किल्ली घेऊन आले आणि पायरीवर उभे राहिले. डोळे सुजलेले, त्यांनाही सिस्टर हव्याच होत्या. पण कमिटीचा ठराव झाला होता.

"ज्यांना खरोखर गरज आहे," ते म्हणाले, "फक्त त्यांनी उजवीकडे यावं. बाकीच्यांनी कृपा करून घरी जावं."

सगळे उजवीकडे गेले. दातांचा डॉक्टर गेला. मी गेलो. कॅल्क्युलस शिकवणारा एक प्रोफेसर मुलाचं बोट धरून गेला. डावीकडे नुसता बर्फ उरला.

"अहो, डॉक्टर, तुम्ही?" लोबोसाहेबांचा आवाज चढला. डॉक्टर जागचा हलला नाही. मग मी भाषण सुरू केलं. संत, कोर्ट, फी घेणारे मास्तर, सगळं काढलं. संताला दोनचार खटले माझ्या पदरचे जोडले. लोबोसाहेब मला मध्येच अडवून ओरडले, "एकच सांगा मला, इथे गरीब नक्की आहे कोण?"

रात्रपाळीवरून तशीच आलेली शैला म्हणाली, "दार उघडा. पोरं गारठलीत."