बुडबुड्यांच्या डब्यातली जास्वंद

मी आयुष्यात एकदाच चोरी केली, आणि ती शेजारच्या काकूंच्या जास्वंदीची. पश्चात्ताप? अजिबात नाही! सरळ मागून मिळाली असती तर कोण कशाला चोरतंय?

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या आणि काकूंच्या परसाच्या मध्ये छातीएवढी भिंत होती; काकूंचं परस सखल, त्यामुळं तिकडून ती डोक्याएवढी. भिंतीला लागून पलीकडं ती जास्वंद. पिवळी धमक, भरगच्च पाकळ्यांची, मधोमध कुंकवासारखा लाल टिपका. काकूंचे यजमान एस.टी.त कंडक्टर होते. त्यांनी ती गगनबावड्याहून गाडीत पायांशी धरून आणली होती. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. काकू रोज एक फूल देवीला ठेवायच्या आणि उरलेला दिवस झाडाची राखण करायच्या. फांदी मागितली की उत्तर ठरलेलं, "मागून नेल्यालं झाड जगत न्हाय, पोरी." आमच्याकडं सगळेच तसं मानायचे. चोरून आणलेलं रोप तरारतं, मागून आणलेलं मान टाकतं. आता तुम्हीच सांगा, हे चोरीचं आमंत्रण नाही तर काय?

श्रावणातल्या एका दुपारी काकू देवळात गेल्या आणि मी भिंतीवरून वाकून कात्रीनं चार फांद्या उडवल्या. संध्याकाळी काकू गल्लीच्या मधोमध उभ्या. "कोण ग ती भवानी? हात झडतील तिचं! किडं पडतील!" मी दारात तांदूळ निवडत बसले होते. "काय झालं हो काकू?" असं विचारलंसुद्धा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

चोरी सोपी होती, मुळं फुटणं अवघड. आधी इकडून तिकडून आणलेल्या फांद्या मी पेल्यात ठेवून कुजवल्या होत्या, कुंडीत लावून वाळवल्या होत्या. पण नवऱ्याला माशांचं वेड. काचेच्या पेटीत पाच मासे आणि हवा सोडणारा एक छोटा पंप, दिवसभर घुर्र घुर्र. त्या पेटीत मनीप्लांटची एक फांदी पडली होती. बुडबुड्यांशेजारच्या पेराला आठ दिवसांत पांढरीशुभ्र मुळं! म्हटलं, अस्सं. मुळांनाही श्वास लागतो तर.

मग मी वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेतला आणि झाकणाला भोकं पाडली. फांद्या भोकात घट्ट बसायला मऊ रबर हवं होतं. नवऱ्याची मोरीतली रबरी स्लीपर कापून चार चकत्या केल्या, मध्ये चीर दिली आणि एकेकीत एक फांदी अडकवली. कोल्हापुरी पायताण जगात नाव काढून आहे, पण असल्या कामाला उपयोगाचं नाही. देठं बुडतील एवढं पाणी घातलं, पंपाची नळी आत सोडली. डबा खदखदायला लागला.

"माझी स्लीपर कुठाय?" नवरा मोरीतनं ओरडला.

"मुळं धरतीय," मी म्हटलं.

पंप एकच होता. त्यामुळं तासभर फांद्या, तासभर मासे. माशांनी पाण्यावर तोंडं काढली की पाळी बदलायची. आणि लाईट गेली की नळी तोंडात धरून फुंकायचं. पाच मिनिटं मी, पाच मिनिटं नवरा. गाल फुगवून तो म्हणायचा, "अगं, मी सरकारी नोकर आहे!" मी म्हणायची, "फुंका."

तीन फांद्या तरीही कुजल्या. चौथीला अठराव्या दिवशी मुळं दिसली, दाढीच्या खुंटासारखी. मी स्वयंपाकघरात नाचले. मग तिला कुंडीत लावली आणि पाण्याच्या पिंपामागं, काकूंना दिसणार नाही अशी लपवली.

दसऱ्याआधी काकूंनी घराला चुना लावला. बादलीत उरलेला चुना त्यांनी स्वतःच्या हातानं जास्वंदीच्या बुडात ओतला, मुंग्या मराव्यात म्हणून. मुंग्या गेल्या. पाठोपाठ पानं गळाली, आणि दिवाळीपर्यंत भिंतीपलीकडं नुसत्या काळ्या काड्या उरल्या.

काकू ओरडल्या नाहीत. मला ते सहन होईना. शिव्या दिल्या असत्या, कुणाच्या नावानं बोटं मोडली असती, तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या उंबऱ्यावर बसायच्या, चुना ओतलेला उजवा हात मांडीवर उताणा ठेवून, त्या हाताकडं बघत. देवीपुढं फूल नसायचं. माझ्या पिंपामागं त्याच झाडाचं पोर सात पानांचं झालं होतं. जेवण गोड लागेना.

शेवटी कुंडी घेऊन मी त्यांच्या दारात गेले. खरं सांगायचं धैर्य कुठलं? "सांगलीच्या मावशीनं दिलीय, तुम्हाला घ्या," म्हटलं. काकूंनी एका पानावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाल्या, "दिल्यालं झाड माझ्या दारात जगत न्हाय. एक मारलं, त्येवढं बास झालं. ने परत."

मी परत आणली, आणि रात्रभर चिडचिड केली. सकाळी नवराच म्हणाला, "दिलेलं जगत नाही ना? मग चोरू दे की त्यांना."

त्या रविवारी आम्ही कुंडी भिंतीवर, अगदी कडेला ठेवली. दाराला कुलूप लावताना मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "काकू, आम्ही जोतिबाला जातोय हो! संध्याकाळपर्यंत घरात कोण न्हाय!" आणि कोपऱ्यावरून वळसा घालून मागच्या बोळानं परत घरात. खिडकीच्या फटीला एक डोळा माझा, एक नवऱ्याचा.

तासभर काही नाही. मग पलीकडं स्टूल सरकल्याचा आवाज झाला. आधी पांढरा अंबाडा वर आला, मग डोळे. काकूंनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि दोन्ही हातांनी कुंडी उचलून छातीशी धरली. साठी उलटलेली बाई, पण काय सफाई! नवऱ्यानं हसू दाबायला टॉवेल तोंडात कोंबला होता. मी हसत होते की रडत होते, मला आजही सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत आवाज घुमला. "माझ्या झाडाला कुणी हात लावला तर तंगडं मोडून हातात दीन!" जीव भांड्यात पडला. मी कौतुकानं भिंतीशी गेले. काकू नव्या कुंडीभोवती काटेरी फांद्या रोवत होत्या.

"अगंबाई, नवं झाड?" मी म्हटलं.

"व्हय." मान वर न करता त्या म्हणाल्या, "जोतिबाला गेलतासा न्हवं काल?"

"गेलो होतो की."

आता त्यांनी वर बघितलं. जोतिबाहून येणारा माणूस केसांपासून पायापर्यंत गुलाबी होऊन येतो. दोन दिवस न्हाऊनही कानामागचा गुलाल जात नाही, हे कोल्हापुरात लहान पोरालाही ठाऊक. माझ्या कपाळावर गुलालाचा कणही नव्हता.

काकू आत गेल्या. देव्हाऱ्यातली गुलालाची पुडी आणून भिंतीवर ठेवली.

"लाव," त्या म्हणाल्या. "दोघं बी लावा. न्हायतर गल्ली म्हणंल, माझी शेजारीण खोटारडी हाय."