मुलाच्या आवाजावरची शपथ

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. मुलानं बँड का सोडला असं कुणी विचारलं, की मी म्हणायचो, नोकरी लागली. ते खोटं होतं.

चिकपेटात आमचं साड्यांचं दुकान होतं. मागच्या गोदामात मुलगा आणि त्याचे मित्र वाजवत. कापड आवाज पितं, त्यामुळं शेजारी कधी भांडायला आले नाहीत. गिटारी गोड वाजायच्या, सहज गुणगुणाव्यात अशा. आणि मग मुलगा तोंड उघडायचा. कोरड्या विहिरीतून कुणीतरी गुरगुरावं तसा तो आवाज.

"याला मेलोडिक डेथ मेटल म्हणतात, अण्णा."

"मेलोडिक ठेव. डेथ कशाला घरात आणतोस?"

त्याची आई हसायची. "गाऊ दे हो. तुमच्या घोरण्यापेक्षा सुरात आहे."

मला मात्र त्या आवाजाची भीती वाटायची. आमच्यात शब्द पक्का करायचा तर देवघरातल्या टाकांसमोर बेलभंडारा उचलतात, तळहातावर बेलाचं पान आणि हळद. एका सकाळी मी त्याला तो उचलायला लावला आणि दुसरा हात आईच्या डोक्यावर ठेवायला सांगितला. पुन्हा या आवाजात गाणार नाही, असं तो खाली मान घालून म्हणाला.

"माझं डोकं कशाला मध्ये?" एवढंच ती पुटपुटली.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. तिच्या पोटात गाठ होती. लांबवू नका, म्हणाले. मी ठरवलं, घरात घट बसायचेत, दसरा होऊ दे, मग बोलू. तिला सांगितलं नाही, मुलालाही नाही. त्याच नवरात्रात तो आम्हांला चोरून हेब्बाळला एका कार्यक्रमात गायला, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात कोसळली.

दवाखान्याच्या जिन्यात त्यानं मला गाठलं.

"अण्णा, काल मी गायलो. त्यामुळं झालं का हे?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मग गाठ कधीची, मला कधी कळलं, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "भंडारा हातात घेऊन शब्द दिला होतास."

तिनं पुढची संक्रांत पाहिली नाही. बँड तिथंच थांबला. नंतर मुलाला मी साधी आरतीसुद्धा म्हणताना ऐकलं नाही.

आता इतक्या वर्षांनी तो आणि ते जुने मित्र पुन्हा जमलेत, त्यांचा नवा अल्बम येतोय. गेल्या रविवारी एचएसआर लेआउटला त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्यानं माझ्या कानांवर हेडफोन चढवले. त्याच गोदामातल्या गोड गिटारी. मग तो आवाज, आता जास्त खोल.

"काय म्हणतोस यात?"

"एक मुलगा आईला हाक मारतो. हाक पोचते आणि आई जाते." तो हसला. "शपथ तर पुन्हा मोडली. आता तुमचा नंबर, अण्णा."

"अहो, काय अभद्र बोलता!" सून आतून ओरडली.

तो हसत होता, पण माझ्या मनगटांकडे बघत होता. "बारीक झालात."

"वय झालं. भूक स्वल्प कमी झालीय."

महिन्यापूर्वी डॉक्टरांनी मला पुन्हा आत बोलावलं होतं. या वेळी आजारी मीच. अल्बम दिवाळीला येणार. त्यानंतर मी गेलो, तर तो जिन्यात कुणाला काही विचारणार नाही. उत्तर मी त्याला आधीच देऊन ठेवलंय.

तो मला रिक्षापर्यंत सोडायला आला. लिफ्टमध्ये मी वाक्य जुळवत होतो. रिक्षात बसलो, त्यानं आत वाकून विचारलं, "कसा वाटला अल्बम, खरं सांगा."

"आवाज चांगला लागलाय," मी म्हणालो, आणि रिक्षा सुटली.

जुळवलेलं वाक्य होतं: तू गायलास त्याच्या आधीच तिला गाठ होती, मला ठाऊक होतं, माझीही तशीच आहे, तुझ्या आवाजानं कुणी मेलं नाही, बाळा, मला क्षमा कर.