दादर नाही, तर कडबा कुठला

माहेरी, धुळ्याला देवपुरात, माझ्या पोळीचं भारी कौतुक होतं. पातळ, पदर सुटणारी, दुसऱ्या दिवशीही मऊ. वडील नोकरदार, गहू बाजारातून यायचा, भाकरी कधीमधी चवीपुरती. त्यामुळे ऐंशीच्या दशकात लग्न होऊन मी तापीकडच्या एका गावात आले, ती पोळपाट-लाटण्याच्या जोरावर सासर जिंकायचं असं ठरवूनच.

सासरी दोन्ही वेळा दादरची भाकरी. दादर म्हणजे आमच्या खानदेशातली रब्बीची ज्वारी. पाऊस सरता सरता काळ्या मातीत पेरायची आणि निवांत राहायचं. मातीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दंवावर ती पुरुषभर वाढते, विहिरीचं पाणी मागत नाही. माझी पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी हाताला चिकटली. तिसरी कशीबशी भाजली, पण इतकी जाड की सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले होते. त्यांचं हसणं मला लागलं. मी मुळातच तापट. चुलीपुढून उठले आणि मागच्या दारी जाऊन रडत बसले.

सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ते पाहिलं. जेवताना ते अक्कांना म्हणाले, "आजपाईन घरमा पोळ्याच व्हतीन. पोरले तरास नको."

मला आभाळ ठेंगणं झालं. त्या घरात पोळी तोवर सणाला, नाहीतर पाहुण्याला. शेजारणी म्हणायच्या, आबांकडे काय, रोजच दिवाळी. मीही नाक वर करून पोळ्या लाटायची. रोज खायचा तर गहू घरचाच हवा, म्हणून त्या वर्षी दादरच्या वावरात आबांनी गहू पेरला. विहिरीवर मोटार होतीच. हिवाळाभर ती घुमत राहिली, कारण गव्हाला एक पाणी देऊन होतं न होतं तोच दुसऱ्याची वेळ यायची. ते हिरवंगार वावर पाहून मी माहेरी पत्र लिहिलं, की सासर फार चांगलं आहे. ते खरंच होतं.

होळी झाली आणि विहिरीचा तळ दिसू लागला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तोवर त्या विहिरीत पाणी टिकायचं असं अक्का सांगत. त्या वर्षी हंडे घेऊन आम्हाला शेजारच्या मळ्यात जावं लागलं. आणि खळ्यात, जिथं दरवर्षी दादरच्या कडब्याची गंजी उभी असायची, तिथं गव्हाच्या भुशाचा ढीग होता. बैलांनी तो हुंगला आणि माना वळवल्या. पंधरा दिवसांत त्यांच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. गावात विकत घ्यावा तर कडबा होता कुणाकडे? कुणी गव्हाच्या मागे लागलं होतं, कुणी केळीच्या.

एका सकाळी माझा नवरा आबांना म्हणाला, "बैल विकून टाकू. नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर मिळतो. रविवारी व्यापाऱ्याला बोलावलंय." ती जोडी आबांनी गोऱ्हे असल्यापासून वाढवली होती. ते अर्ध्या न्याहारीवरून उठले आणि गोठ्यात गेले, ते किती वेळ बाहेर आलेच नाहीत.

"एवढी चांगली जोडी, का विकायची?" मी अक्कांना विचारलं.

अक्का गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "औंदा दादर पेरी नही, मंग कडबा कोठून येई? बैल काय पोळी खातीन?" मग स्वतःशीच बोलल्या, "बैल गयात का शेन बी गयं. मंग वावरले काय टाकशात?"

मला आधी लाज वाटली. पोळी आपण चुलीपाशी लाटतो, तिच्यापायी विहीर आटते आणि गोठा रिकामा होतो, हे माझ्या शहरी डोक्यात कधी आलंच नव्हतं. लाज फार वेळ टिकली नाही, तिचा राग झाला. दुपारी पंगत बसली होती, आणि सुनेनं सासऱ्यासमोर आवाज चढवायचा नसतो हे ठाऊक असून मी चढवला.

"आबा, मला कुणी विचारलं होतं का? भाकरी येत नव्हती तर शिकले असते. माझे काय हात मोडले होते? माझ्या पोळीपायी तुम्ही बैल विकणार, आणि मलाच कुणी सांगणार नाही?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "मंग काय करू?" म्हणाले. "तूच सांग."

खरं तर मी काही ठरवलेलं नव्हतं, पण आता माघार कुठली घेणार! "कोठीत गहू आहे ना? ज्यांची दादर झालीय त्यांना द्या, आणि त्यांचा कडबा आणा. मी उद्यापासून भाकरी थापते. जशी होईल तशी खा."

"कडबाबी आना, दादरबी आना," अक्का पटकन बोलल्या. दोन कोसांवर त्यांचं माहेर होतं आणि त्यांच्या भावाने दादर सोडलेली नव्हती.

रविवारी सकाळीच आबा गव्हाची पोती गाडीत घालून निघाले. व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून सांगायचं नवरा विसरला, की भिडेपोटी त्यानं सांगितलं नाही, देव जाणे. व्यापारी आला, ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "बैल कोठे शेतस?"

मी आतूनच ओरडले, "बैल गहू पोचाडाले गयात!"

अहिराणी माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाली होती. अक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं, म्हणून मी त्याला मागच्या वर्षीच्या उरल्यासुरल्या दादरची भाकरी आणि ठेचा वाढला. त्यानं एक घास चावून पाहिला आणि म्हणाला, "भाकर जाड शे."

"जाड शे, पन आमनी शे," अक्का म्हणाल्या.

संध्याकाळी गाडी कडब्यानं भरून आली. बैलांनी वैरण ओढायला सुरुवात केली तसे आबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले, आणि मी दारातून पाहत राहिले. त्यानंतर पोळी पुन्हा सणाची झाली. गहू विहिरीजवळच्या चार वाफ्यांत, तेवढ्यापुरता. पुढच्या आखाजीला विहिरीत पाणी होतं, हे आधीच सांगून टाकते.

त्या वर्षी पोळा झाल्यावर दादरच्या पेरणीला आबांनी मला वावरात बोलावलं. बैल तिफणीला जुंपलेले होते, अंगानं भरलेले. तिफणीवर चाडं असतं, बी सोडायची लाकडी वाटी. आबांनी दाण्यांची ओटी माझ्या कमरेला बांधायला दिली आणि बैलांकडे हात केला.

"सोड, पोरी. हाई तुनी भाकर शे. त्यास्नीबी शे."

मी पहिली मूठ चाड्यात सोडली. मला रडू आलं, आणि बैल चालू लागले.